शनिवारचा हात

१

सोमवारी सकाळी दहा वाजता डावरीनं आपल्या चित्रावरचं फडकं काढलं आणि ती मटकन खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, निदान रडली असती तरी चाललं असतं. ती फरशीवर बसून नुसती वर बघत राहिली.

चित्रातल्या म्हातारीचं कपाळ गेलं होतं. दोन्ही पापण्या गेल्या होत्या, डावा गाल गेला होता. कोणीतरी तेवढाच रंग सुरीनं खरवडून, टर्पेंटाइननं पुसून काढला होता आणि खालचा राखाडी थर उघडा पडला होता. नाक, ओठ, हनुवटी, शाल, सगळं जागच्या जागी होतं. पाच महिन्यांचं काम होतं ते.

"अगं बाई! कुठल्या मेल्यानं केलं हे?" नर्सबाई म्हणाल्या. "आणि या खिडक्या का सताड उघड्या? गारठून मारायचंय का आम्हाला?"

ही खोली संग्रहालयाच्या मागच्या अंगाला होती. लांबट, उत्तरेला तीन मोठ्या खिडक्या. समोरच्या भिंतीवर, दोरीच्या पलीकडे, तीनशे वर्षांपूर्वीच्या एका उस्ताद चित्रकारानं काढलेली शालीतली म्हातारी टांगलेली होती. ज्यांना तैलरंगात चेहरा काढायला शिकायचं असेल त्यांनी तिच्यासमोर ईझल लावून बसायचं आणि तिची नक्कल करायची. दुसरं काही शिकवलं जात नसे. आधी नुसती रेघ. मग फक्त काळ्या-पांढऱ्यातला राखाडी थर. तो खडखडीत वाळला की त्यावर रंगाचे पातळ पातळ थर, आठवड्याला एक. "आधी ती मेलेली काढा," मास्तर म्हणायचे, "मग तिला हळूहळू जिवंत करा."

वर्गात मोजून चौघं. डावरी, म्हणजे डाव्या हाताची, कपड्यांच्या दुकानात उसवण-शिवण करणारी पोरगी. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर. ड्यूटी संपवून थेट इकडे येणाऱ्या नर्सबाई. आणि चौथे सहीवाले. त्यांनी चाळीस वर्षं कोर्टासाठी सह्या तपासल्या, खरी कुठली आणि खोटी कुठली ते सांगितलं, म्हणून हे नाव. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. तिचा एकच धड फोटो होता आणि त्यावरून तिचा चेहरा रंगवायचा असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी आधी चेहरा यायला हवा. म्हणून दीड वर्ष ते या परक्या बाईसमोर बसत होते आणि सध्या तिच्या कानापाशी अडकले होते.

मास्तर नेहमीसारखे भिंतीच्या कडेनं आले. त्यांच्या मुलीनं, जिला सगळे ताई म्हणत, त्यांना हळू आवाजात सांगितलं, "बाबा, डावरीच्या चित्राचा चेहरा कोणीतरी बिघडवलाय."

मास्तरांचा राग नाकावर असायचा, आज तो डोक्यात गेला. पहारेकऱ्याला बोलावणं गेलं. त्यानं वही उघडून सांगितलं, की शनिवारी मास्तर गेल्यावर, पाच वाजता, पेंटर परत आत आले होते. दहा मिनिटांनी गेले.

सगळ्यांनी पेंटरकडे पाहिलं. जुन्या चित्रांची दुरुस्ती शिकवणाऱ्या शाळेत यंदा एकच जागा होती आणि अर्ज दोघांचे होते, डावरीचा आणि पेंटरचा. नक्कल दाखल करायला अकरा दिवस उरले होते.

"चष्मा विसरलो होतो," पेंटर म्हणाले आणि गप्प झाले.

"सहीवाले," मास्तर म्हणाले, त्यांच्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत, "जन्मभर खोटं पकडलंत ना? हेही पकडा. शनिवारी मला नाव पाहिजे. नाही मिळालं तर पेंटर, तुम्ही आपले ब्रश उचलायचे."

सहीवाल्यांनी चित्राजवळ जाऊन राखाडी कपाळाला बोट लावलं. बोट ओलं झालं.

२

आता इथं वर्गाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

दर शनिवारी दुपारी एकला वर्ग सुटे. जाताना प्रत्येकानं चित्र ईझलवर ठेवायचं, शेजारच्या स्टुलावर पॅलेट ठेवायची आणि तिच्यावर ताजे रंग मांडायचे. मांडणी ठरलेली होती. अंगठा घालायच्या भोकापाशी पांढरा, मग पिवळा, तांबडा, तपकिरी, हिरवा आणि दुसऱ्या टोकाला काळा. सगळे गेले की मास्तर एकटेच चारही चित्रांपाशी फिरत आणि जिथं गाडी अडली असेल तिथं दोन-चार फटकारे मारत. हल्ली खांदा दुखतो म्हणून ते पॅलेट उचलत नसत, स्टुलावरच ब्रश बुडवत. कुठं काय केलं ते कधी सांगत नसत. सोमवारी येऊन ज्यानं त्यानं शोधायचं. याला सगळे 'शनिवारचा हात' म्हणत.

या शनिवारीही हात फिरला होता. नर्सबाईंच्या म्हातारीच्या नाकावर उजेड आला होता. पेंटरच्या चित्रात हनुवटीखालची सावली मऊ झाली होती. आणि सहीवाले ज्या कानाशी सहा आठवडे झटापट करत होते, तिथं मास्तरांनी तीन फटकारे मारले होते आणि तो चक्क कान झाला होता. सहीवाल्यांना आनंद झाला आणि लाजही वाटली.

दुपारी खोली रिकामी झाल्यावर ते भिंग घेऊन डावरीच्या चित्रासमोर बसले. सही तपासताना ते अक्षरं बघत नसत, दाब बघत. रागावलेला हात सुटतो, रेघ ओलांडून पुढं जातो. इथं एकही ओरखडा पापणीच्या बाहेर गेला नव्हता. सुरीचं पातं आडवं धरलं होतं, कॅनव्हासचा एक धागा तुटला नव्हता. शेवटी कोणीतरी मऊ कापडानं गोल गोल पुसून घेतलं होतं.

"काय दिसतंय?" नर्सबाई दारातून डोकावल्या. जायची घाई असलेल्या माणसानं जितका वेळ थांबू नये तितका वेळ त्या नेहमी थांबत.

"हे रागाचं काम नाही, बाई."

"मग?"

"लेकराचं तोंड पुसायची सवय असते ना, तसा हात आहे हा."

तेलकट चिंध्या पेट घेतात म्हणून त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. शनिवारी संध्याकाळी पहारेकरी तो डबा रिकामा करी. सहीवाल्यांनी झाकण उघडलं. आज कोणी ब्रशला हात लावला नव्हता, तरी आत एक चिंधी होती. तिच्यावर थोडा त्वचेचा रंग होता, पण बाकी सगळा काळा आणि हिरवा.

त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या म्हातारीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यात काळ्याचा ठिपकाही नव्हता. डावरीनं कधी घातला नव्हता, घातला असता तर मास्तरांनी तिला दारात उभं केलं नसतं.

म्हणजे आधी कोणीतरी त्या चेहऱ्याला काळं लावलं होतं. आणि मग दुसऱ्या कोणीतरी ते जपून पुसलं होतं.

३

नर्सबाईंची चौकशी करायला वेळ लागला नाही, थांबवायला लागला.

"माझं आणि डावरीचं खिडकीजवळच्या जागेवरून वाजलं होतं, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते," त्या म्हणाल्या. "पण मी काही करायचं असतं तर तिच्या तोंडावर केलं असतं. मागून वार करायला मला वेळ आहे का? रविवारी मी दोन पाळ्या केल्यात."

"पेंटरबद्दल काय वाटतं?"

"तो? तो माशी मारताना तिची माफी मागेल." मग त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत, आणि ही गोष्ट आठवड्यातून एकदाच घडे. "काका, मास्तर तुमच्याकडे बघून कधी बोलतात का हो? माझ्याकडे नाही बघत. मला आधी वाटायचं गर्व आहे."

"आणि आता?"

"आता काही नाही. जाऊ द्या. सगळीकडे रोगीच दिसतात मला."

डावरी कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एका पँटच्या पायाची दुमड उसवत बसली होती. सुई डाव्या हातात. सहीवाल्यांना बघून तिनं स्टूल पुढं सरकवलं.

"नाही होणार आता काका," तिनं आपणहून सांगितलं. "राखाडी वाळलेला आहे, पण वरचे सात थर कसे देणार? एक वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. अकरा दिवसांत काय होतंय!" तिनं दातानं दोरा तोडला. "घरी म्हणतात, बरं झालं, डोक्यातलं खूळ गेलं. माझं गेलं नाहीये."

"शनिवारी निघताना सगळं रीतीप्रमाणे ठेवलं होतंस?"

"अगदी. पांढरा भोकापाशी, काळा टोकाला. ताईंनी बघितलं पण जाताना. आणि नवी पॅलेट होती ना, जरा मिरवायचंही होतं." पहिल्यांदाच ती थोडी हसली. "पेंटरदादांनी करून दिली. माझ्यासाठी. भोक दुसऱ्या बाजूला पाडून. आजपर्यंत कात्री, चाकू, बाक, सगळं दुसऱ्यांच्या हाताचं वापरलं मी. माझ्या हाताची अशी वस्तू कोणी पहिल्यांदाच दिली."

"त्यांनीच तुझं चित्र बिघडवलं असेल असं वाटतं तुला?"

"नाही." ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. "पण एक सांगू? सोमवारी मी फडकं काढलं, तेव्हा सगळे बघत होते. पेंटरदादांनी मात्र मी फडक्याला हात लावायच्या आधीच मान खाली घातली होती."

४

पेंटर एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर उभे होते. सहीवाले खालून बोलले आणि ते वरून, त्यामुळे अर्धं संभाषण रस्त्यानं ऐकलं.

"शनिवारी चष्मा मिळाला?"

"मिळाला."

"आणि डावरीच्या चित्रावरचं फडकं उचललंत?"

पेंटरचा ब्रश एका अक्षराच्या कण्यावरून खाली सरकत होता. तो तळाला पोचेपर्यंत त्यांनी उत्तर दिलं नाही. "उचललं. तिचं चित्र कसं झालंय, नव्या पॅलेटवर कसं जमलं, बघावंसं वाटलं."

"खरवडलेलं होतं?"

"नव्हतं."

"मग कसं होतं?"

पेंटर शिडीवरून उतरले, ब्रश डबीत ठेवला, हात पुसले. चाळिशी उलटलेला, दोन शब्दांत भागवणारा माणूस.

"काका, मी त्या चित्राला हात लावला नाही. एवढं सांगतो. पुढं विचारू नका."

"अहो, शनिवारी काढून टाकतील तुम्हाला! शाळेतली जागाही जाईल. मास्तरांच्या शिफारशीशिवाय तुमचा अर्ज कोण हातात घेणार?"

"जाऊ दे."

"कोणाला वाचवताय?"

"मी कोणाचं नाव घेतलं का?" पेंटरनी पाटीकडे पाहिलं. अक्षराची एक कड वाकडी गेली होती. त्यांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि ती कड पुसली. "मला धड डोळा काढता येत नव्हता काका. पाट्यांवर बायका काढायचो त्या सगळ्या घाबरलेल्या दिसायच्या. मास्तर रस्त्यानं जाताना थांबले होते एकदा. म्हणाले, उद्या या. बास. एवढंच."

सहीवाले थोडा वेळ तिथंच घुटमळले. अशी गप्प माणसं त्यांनी कोर्टात पुष्कळ पाहिली होती. काही भीतीनं गप्प बसत. पण भ्यालेला माणूस शिडीवरून खाली उतरून डोळ्याला डोळा देत नाही.

निघताना त्यांनी सवयीनं पुसलेल्या जागेवर बोट टेकवलं. कोरडी. चिंधी फिरवून पाच-सात मिनिटंही झाली नसतील. वास तेवढा राहिला होता आणि तोही वाऱ्यावर विरत होता.

सहीवाले रस्त्यातच थांबले. मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळला आणि बडबडत पुढं गेला.

शनिवारी कोणी टर्पेंटाइन फिरवलं असतं, तर सोमवारी सकाळपर्यंत ते दहादा वाळलं असतं. सोमवारी दहाला त्यांचं बोट ओलं झालं होतं. गारठ्यात खिडक्या सताड उघड्या होत्या, वास जावा म्हणून. रविवारी संग्रहालय बंद. आणि सोमवारी दहाच्या आधी त्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असायची.

५

घरी गेल्यावर त्यांनी कपाटातून आपली परवान्याची कार्डं काढली. नक्कल करायला दर महिन्याला नवं कार्ड मिळे आणि त्यावर मास्तर सही करत. सहीवाल्यांनी अठरा कार्डं टेबलावर ओळीनं लावली. स्वतःचाच राग आला त्यांना. दर महिन्याला हे कागद हातात घेतले आणि एकदाही पाहिले नाहीत.

सही झकास होती. पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत तेच वळण, तीच शेवटची झोकदार रेघ. पण पहिल्या कार्डावर ती रेघेवर बसली होती. सहाव्यावर जरा खाली उतरली होती. बाराव्यावर छापील मजकुरावर चढली होती. आणि गेल्या महिन्यातली अर्धी सही शिक्क्यावर होती, अर्धी कार्डाच्या कडेवरून बाहेर. हाताला सही पाठ होती. कागद कुठं आहे हे मात्र डोळ्यांना ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ताई, जिच्याकडे खोलीची किल्ली असे, एकटीच आत कॅनव्हास ताणत बसली होती. सहीवाल्यांनी डावरीची पॅलेट उचलून स्टुलावर ठेवली, इतरांची असते तशी.

"ताई, ही बघ. रीतीप्रमाणे पांढरा भोकापाशी. पण भोकच डाव्या बाजूला आहे. आम्हा सगळ्यांच्या पॅलेटवर उजव्या टोकाला पांढरा येतो. हिच्यावर उजव्या टोकाला काळा. पिवळ्याच्या जागी हिरवा. ज्याला रंग दिसतो त्याला काही फरक पडत नाही. जो नुसत्या जागेवरून रंग घेतो..."

ताईच्या हातातली खिळ्यांची डबी खाली पडली. ती उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"दीड वर्ष झालं काका," ती खालूनच म्हणाली. "डोळ्याच्या मधला पडदा गेलाय. कडेचं दिसतं थोडं, तेही धूसर, रंग कळत नाहीत. पण जिथं बघतील तिथंच नेमका डाग. डॉक्टर म्हणाले, आता परत येणार नाही. बाबांनी मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. चाळीस वर्षं हाच चेहरा काढतायत ते, हातानंच येतो त्यांना. मी फक्त दर शनिवारी सगळ्यांच्या पॅलेट बघून जाते. पांढरा भोकापाशी आहे ना, एवढंच बघते. होता की हो!"

"आणि सोमवारी सकाळी?"

"फडकं उचललं तर तिच्या कपाळावर काळा. पापण्यांवर काळा. गाल हिरवा पडलेला, कुजल्यासारखा. आणि फटकारे मात्र इतके सुरेख, इतके नेमके! मला कळलं लगेच. वाटलं, वरचं ओलं तेवढं काढावं. पण टर्पेंटाइननं खालचे थरही सुटायला लागले. मग मला थांबता येईना." ती आता रडत होती. "बाबांना माहीत नाही काका. त्यांना वाटतं, त्यांनी तिच्या गालावर ऊब आणली. त्यांचा एक शनिवार तेवढा राहिलाय. तो नका काढून घेऊ."

"मग पेंटर?"

"मी पाया पडेन त्यांच्या."

"पाया पडून शाळेतली जागा परत येत नाही, ताई."

सहीवाल्यांना एक जुना खटला आठवत होता. एका म्हातारीच्या दानपत्रावरची सही तिच्या मुलानं केली होती. ती भर कोर्टात रडून सांगत होती की सही माझीच आहे. सहीवाल्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केलं की नाही. मुलगा तुरुंगात गेला आणि म्हातारीनं जाताना त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. बायको म्हणाली होती, खरं बोललात ना, मग झालं. त्यांचं तेव्हाही समाधान झालं नव्हतं.

"उद्या मी नाव सांगणार आहे," ते म्हणाले. "कोणाचं ते मला ठरवू दे."

६

शनिवारी सगळे वेळेवर आले. पेंटरनी आपले ब्रश कागदात गुंडाळून तयारच ठेवले होते.

"बोला, सहीवाले," मास्तर म्हणाले.

"मी केलं." रात्रभर घोकलेलं ते एका दमात बोलले. "सोमवारी लवकर आलो होतो. टर्पेंटाइनची बाटली कलंडली तिच्या चित्रावर. पुसायला गेलो आणि जास्तच बिघडलं. सांगायला जीभ रेटली नाही."

"काहीही काय काका!" नर्सबाई म्हणाल्या.

मास्तर हसले, पण थोडंसंच. "सहा आठवड्यांत कान जमला नाही तुम्हाला, खोटं एका रात्रीत कसं जमेल? कोणाला पाठीशी घालताय?" त्यांनी मान वळवली. "डावरे, मला सगळे नुसतं चेहरा चेहरा म्हणतायत. नक्की कुठं खरवडलंय?"

"कपाळ, मास्तर. दोन्ही पापण्या. आणि डावा गाल."

"ओठ?"

"नाही."

"नाक तरी?"

"नाही."

मास्तरांची बोटं हवेत हलली, एकदा वर, दोनदा मधे, एकदा डावीकडे. मग त्यांनी हात खाली घेतला.

"तुझी पॅलेट आण."

"बाबा, राहू द्या ना," ताई म्हणाली.

"आण म्हटलं."

डावरीनं पॅलेट त्यांच्यासमोर धरली. आज शनिवार, म्हणून तिनं ताजे रंग मांडले होते. मास्तरांनी अंगठा कडेवरून फिरवला. उजवीकडे भोक सापडलं नाही. तो तसाच पुढं गेला आणि डाव्या टोकाला थांबला. मग त्यांनी उजव्या टोकाच्या रंगात बोट बुडवलं आणि ते वर धरलं.

"हा कुठला रंग?"

डावरीनं ताईकडे पाहिलं, मग सहीवाल्यांकडे. कोणीच तिच्या मदतीला आलं नाही.

"डावरे, रंग विचारला मी."

"काळा, मास्तर."

"मी पांढरा घेतला होता," मास्तर म्हणाले.

नर्सबाईंनी पदरानं डोळे टिपले. मास्तरांनी ताईला विचारलं, "तू पुसलंस?"

"हो बाबा."

"निघाला सगळा?"

"निघाला."

"बरं केलंस. पेंटर, कुठं आहात? माझं चुकलं. माफ करा मला."

"भोक मी पाडलं मास्तर," पेंटर म्हणाले. "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"मी पुढच्या वर्षी अर्ज करेन," डावरी घाईनं म्हणाली. "पुन्हा काढीन ना मास्तर. तुम्ही शिकवा."

"पुढच्या वर्षी कोण शिकवेल तुला?" ते म्हणाले, आणि त्यात राग अजिबात नव्हता.

एवढं होऊनही ते उभे होते. मग एकाएकी त्यांचा चेहरा उतरला. ते दोरीकडे वळले, जिच्यापलीकडे मूळ चित्र होतं.

"शनिवारी सगळं झालं की मी तिच्यापाशी जाऊन उभा राहतो," ते म्हणाले. "अगदी जवळ. हातात ब्रश असतो. हात आपला आपण चालतो माझा, कळतही नाही कधी कधी." त्यांनी चाचपून दोरी धरली. "मी तिला तर हात लावला नाही ना? दीड वर्षात? कोणीतरी बघा. बघा कोणीतरी!"

सहीवाले दोरी ओलांडून आत गेले. खिशातून भिंग काढलं, म्हातारीचं कपाळ पाहिलं, पापण्या पाहिल्या, गाल पाहिला. चाळीस वर्षांत इतक्या काळजीनं त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

"नाही मास्तर. कुठंच नाही. जशी होती तशीच आहे."

मास्तरांनी आवाजाच्या दिशेनं मान केली. "सहीवाले, आत्ताच तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. आता बोलत नाही आहात कशावरून?"

सहीवाल्यांनी भिंग परत खिशात ठेवलं.

"पेंटर," मास्तर म्हणाले, "तुम्ही बघा. तुम्ही गप्प बसलात, पण खोटं बोलला नाहीत."

पेंटर आत गेले. त्यांनी आपला चष्मा काढला, नाक चित्राला टेकेल इतके जवळ गेले आणि कपाळाच्या वरच्या कडेपासून बोट बोट करत खाली आले. मास्तर दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते.

"जुन्या रंगाला बारीक चिरा आहेत," अखेर पेंटर म्हणाले. "केसांपासून हनुवटीपर्यंत. एकही बुजलेली नाही. नवा रंग लागला असता तर बुजली असती. तुम्ही तिला हात लावलेला नाही मास्तर."

"सगळ्या चिरा आहेत?"

"सगळ्या."

तेव्हा मास्तर रडले. ताईनं त्यांना धरलं आणि खुर्चीवर बसवलं. डावरी त्यांच्या पायाशी बसून चिंधीनं त्यांच्या बोटाचा काळा रंग पुसू लागली.

सहीवाले दोरीच्या आत तसेच उभे होते. त्यांच्या एका शब्दावर न्यायाधीशांनी माणसं सोडली होती आणि डांबलीही होती. आज त्यांनी खरं सांगितलं होतं आणि ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज होती त्याला ते घेता आलं नव्हतं. दोरी फार उंच नव्हती, पण ओलांडून बाहेर येताना त्यांना नर्सबाईंचा हात धरावा लागला.